आधी काउन्सेलरला भेट, मग घाबर

कॅलिफोर्नियात येऊन वर्ष उलटलं, लेक शाळेत रुळली आणि आता तुला कम्युनिटी कॉलेजात सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी शिकायचंय. फार छान! पोटात गोळा आलाय ना? साहजिक आहे गं.

आधी पैशांचं बोलू. राज्याची रहिवासी ठरलीस, तर सेमिस्टरच्या कॉलेजात युनिटला ४६ डॉलर, म्हणजे ३ युनिटांचा कोर्स १३८ डॉलरला. वर किरकोळ शुल्कं असतात. रहिवासी नसलीस तर फी कितीतरी पट. म्हणून घरभाड्याचा करार, बँकेची पत्रं, लायसन्स एका फायलीत लावून ठेव. नवऱ्याच्या नोकरीमुळे एच-४ व्हिसावर आली असशील, तरी शिकता येतं, वेगळा स्टुडंट व्हिसा लागत नाही. पुस्तकांचं म्हणशील तर ओपनस्टॅक्सची सायकॉलॉजी आणि सोशिऑलॉजीची पुस्तकं नेटवर फुकट आहेत.

मग काउन्सेलरची वेळ घे आणि दोन वर्षांचा आराखडा लेखी माग. ट्रान्सफरची असोसिएट डिग्री ६० युनिटांची असते. ती हातात असली की कॅल स्टेट विद्यापीठाच्या कुठल्यातरी कॅम्पसला प्रवेशाची हमी असते, पण हव्या त्याच कॅम्पसला मिळेल असं नाही. भारतातली पदवी आहे ना? तिचं मूल्यांकन करून घे. काही विषय माफ होऊ शकतात.

खरं सांगू का, सगळ्याजणी घाबरतात त्या स्टॅटिस्टिक्सला. ते शेवटी ढकलू नकोस बघ. रिसर्च मेथड्सला बसण्याआधी बहुतेक ठिकाणी ते लागतंच. कॉलेजच्या ट्युटरिंग सेंटरमध्ये फुकट शिकवतात, तिथे पहिल्याच आठवड्यापासून जाऊन बस.

आणि एक. माणसं ओळखायला तू भरल्या घरात शिकलीस, ती नजर इथे फार कामाची. पण पेपरात 'आमच्याकडे बायका असंच वागतात' लिहिलंस, की मार्जिनमध्ये प्रश्न येणार: किती जणींना विचारलंस? कशा निवडल्यास? तो अपमान नाही गं, तोच तर अभ्यास आहे. घरातल्या अनुभवातून प्रश्न काढ, उत्तर मात्र पुराव्यानं दे. अडलीस तर प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना जा, ती वेळ विद्यार्थ्यांसाठीच राखलेली असते.

पहिल्या सेमिस्टरला एकच कोर्स घे, माझं ऐक. कोर्स सोडायची शेवटची तारीख कॅलेंडरवर लाल पेनानं लिही. जमेल तुला, नक्की जमेल. आता फोन उचल आणि काउन्सेलरची अपॉइंटमेंट याच आठवड्यात घे.