हिपॅटायटिस सी : औषधाचा गुण कशावर अवलंबून असतो?

कावीळ म्हणजे पिवळे डोळे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. हिपॅटायटिस सी हा आजार मात्र बहुधा डोळे पिवळे न करताच वर्षानुवर्षे यकृत पोखरीत राहतो. निदान झाल्यावर नांदेड व लातूर परिसरातील रुग्णांचे नातेवाईक आम्हांस पहिला प्रश्न विचारतात, तो औषधाला गुण येईल का, हाच. त्या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्या घटकांचा हा संक्षिप्त आढावा.

पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शने व रिबाविरिनच्या गोळ्या २४ ते ४८ आठवडे द्याव्या लागत. विषाणूचा प्रकार, रक्तातील त्याचे प्रमाण, रुग्णाचे वय व वजन यांवर यश ठरे. प्रकार १ च्या सुमारे निम्म्याच रुग्णांत विषाणू नाहीसा होई. भारतात अधिक आढळणारा प्रकार ३ औषधास लवकर दाद देई.

२०१५ पासून सोफोसबुव्हिरच्या भारतीय बनावटीच्या गोळ्या उपलब्ध झाल्या आणि चित्र पालटले. तिच्या जोडीला दुसरे विषाणूरोधक औषध देऊन केलेल्या, बहुधा १२ आठवड्यांच्या उपचाराने आता शंभरांपैकी नव्वदांहून अधिक रुग्ण विषाणुमुक्त होतात. तरीही चार गोष्टी निर्णायक आहेत.

पहिली, यकृताची स्थिती. सिरॉसिस झाला असल्यास काही वेळा उपचार लांबवावा किंवा त्यास रिबाविरिनची जोड द्यावी लागते. अशा रुग्णांत प्रकार ३ अधिक चिवट ठरतो. दुसरी, पूर्वी फसलेला उपचार. तिसरी, इतर औषधे. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन व फेफऱ्यावरील काही गोळ्या या औषधांचा प्रभाव घटवितात. म्हणून चालू असलेले प्रत्येक औषध डॉक्टरांस सांगावे. चौथी, नियमितपणा. आमच्या भागातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी परजिल्ह्यांत जातात. जाण्यापूर्वी गोळ्यांची सोय न केल्यास उपचार मध्येच खंडित होतो.

औषध संपल्यानंतर १२ आठवड्यांनी केलेल्या रक्ततपासणीत विषाणू न आढळल्यास रुग्ण बरा झाला असे समजतात. सिरॉसिस असल्यास त्यानंतरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आवश्यक असते, कारण यकृताच्या कर्करोगाचा धोका उरतोच.

२८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमान्वये तपासणी व औषधे शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळतात. म्हणजे आता औषधाच्या किमतीपेक्षा निदानास होणारा विलंबच रुग्णास अधिक महाग पडतो. डायलिसिस घेणारे, पूर्वी रक्त घेतलेले, तसेच एकाच सुईने अनेकांना इंजेक्शन दिले जाई अशा ठिकाणी उपचार घेतलेले, यांनी एकदा रक्त अवश्य तपासून घ्यावे. रुग्णाच्या प्रवासखर्चास आणि पाठपुराव्यास हातभार लावणाऱ्या देणगीदारांचे साहाय्य म्हणूनच औषधाइतके मोलाचे आहे.