कृषी प्रदर्शनातील ओळख टिकवावी कशी?

डिसेंबरमध्ये मोशी येथे भरणाऱ्या 'किसान' प्रदर्शनाला आपल्यापैकी बरेचजण जातात आणि पिशवीभर माहितीपत्रके घेऊन परततात. पण तेथे किंवा एखाद्या खरेदीदार-विक्रेता मेळाव्यात भेटलेल्या खरेदीदाराला आठवड्यानंतर आपले नाव आठवते का, याचा विचार फारसा होत नाही.

पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील कारखान्यांच्या कँटीनला रोज कांदा, बटाटा, भाजीपाला लागतो. राज्यात २०१६ साली फळे व भाजीपाल्याची बाजार आवाराबाहेरील विक्री नियमनमुक्त झाली. त्यामुळे चाकणच्या बाजाराबरोबरच कँटीनच्या ठेकेदाराला थेट माल देण्याची वाटही मोकळी आहे. त्यासाठी पुढील बाबींकडे लक्ष द्यावे.

जाण्यापूर्वी

१. नाव, गाव, मोबाईल क्रमांक, पीक व माल निघण्याचा महिना एवढाच मजकूर असलेले साधे कार्ड छापून घ्यावे.

२. दोन किलो नमुना जाळीच्या पिशवीत न्यावा. निवडून काढलेला उत्तम माल नेऊ नये; ढिगातील सरासरी माल न्यावा. नमुना एक आणि गाडीत दुसरे असे झाल्यास ओळख तेथेच संपते.

३. आपला हिशेब आधी करावा. समजा, एका कँटीनला रोज २ क्विंटल कांदा लागतो. मे ते ऑक्टोबर या काळात कामाचे १५० दिवस धरल्यास ३०० क्विंटल होतात. एकरी १०० क्विंटल उत्पादन व साठवणुकीतील घट २५ टक्के धरली, तर एकरी ७५ क्विंटल विक्रीस उरतात. म्हणजे ४ एकरांचा कांदा हवा. आपला एकच एकर असेल तर शेजारच्या तिघांशी बोलूनच शब्द द्यावा.

भेटीच्या वेळी

प्रथम आपण विचारावे: आकार कोणता, आठवड्याला किती, माल किती वाजता पोहोचवायचा, पैसे किती दिवसांनी मिळणार? समोरच्याची गरज ऐकून घेणारा माणूस लक्षात राहतो. मग आपले थोडक्यात सांगावे. "माझा कांदा चांगला आहे" असे सगळेच म्हणतात. त्याऐवजी "भीमा शक्ती वाण, आकार ५० ते ८० मि.मी., चाळीत साठवलेला, ऑक्टोबरपर्यंत देऊ शकतो" असे सांगितल्यास ते स्मरणात राहते. भीमा शक्ती, भीमा किरण हे आपल्याच खेड तालुक्यातील राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाचे वाण आहेत.

"वर्षभर पुरवतो" असे उत्साहाच्या भरात बोलू नये. जे जमणार नाही ते तेथेच सांगावे. "नोव्हेंबरात माझ्याकडे कांदा नसेल" असे सांगणाऱ्यावर विश्वास बसतो.

भेटीनंतर

त्याच संध्याकाळी कोण भेटले, काय मागितले, आपण काय कबूल केले, याची वहीत नोंद करावी. तीन दिवसांच्या आत फोन करावा. पहिला माल थोडाच, पण ठरल्या वेळी व वजनासह लिहिलेल्या पावतीनिशी द्यावा. अडचण आल्यास आदल्या दिवशीच कळवावे. कँटीनची चूल आपल्यासाठी थांबत नाही.

प्रदर्शनातील ओळख हे बी आहे. ते उगवते ते दिलेला शब्द पाळल्यानेच.