दिव्याच्या खांबावरचा अँटेना
प्रश्न : मारुंजीत दिव्याच्या खांबावर मोबाइलचा छोटा अँटेना बसवला आहे. त्याला परवानगी लागतच नाही का? किरणोत्सर्गाचे काय?
— एक वाचक, मारुंजी (ता. मुळशी)

उत्तर : असा अँटेना, म्हणजे थोड्याच अंतरापुरता सिग्नल देणारा ‘स्मॉल सेल’, विनापरवानगी बसवता येतो हा समज चुकीचा आहे. 1 जानेवारी 2025 पासून लागू झालेल्या दूरसंचार मार्गाधिकार नियमांनुसार, म्हणजे सार्वजनिक जागा वापरण्याच्या नियमांनुसार, खांब ज्या सार्वजनिक संस्थेचा तिच्याकडे अर्ज करावा लागतो. म्हणून खांब ग्रामपंचायतीचा, बांधकाम खात्याचा की महावितरणचा, हे आधी पाहून परवानगीची प्रत वाचकांनी माहिती अधिकारात मागावी. किरणोत्सर्गाची मर्यादा भारताने 2012 साली आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांशावर आणली. तरीही शंका उरल्यास सरकारच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर शुल्क भरून मोजणी मागता येते. अँटेनाच्या पेटीतून लोंबणारी उघडी वायर दिसल्यास मात्र महावितरणला तत्काळ कळवावे, कारण पावसाळ्यात खरी भीती तिचीच.