रंगांचे अर्थ कोठून येतात?

लग्नसराई जवळ आली म्हणजे आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत एक जुना वाद पुन्हा डोकें वर काढतो. नवरीनें पांढरें पातळ नेसावें कीं हिरवें? उपदेशक म्हणतो कीं ख्रिस्ती नवरीस पांढरेंच शोभतें. नवरीची आजी डोळ्यांस पदर लावून म्हणते, “मास्तर, विधवेचें लुगडें माझ्या नातीला लग्नाच्या दिवशींच कां नेसवतां?” दोघांचाही भाव प्रामाणिक असतो, आणि आपण म्हणतों तोच त्या रंगाचा खरा अर्थ, असें दोघांसही वाटतें. ह्याकरितां रंगांचे अर्थ कोठून येतात ह्याचा विचार आपण ह्या पाठांत करूं.

पांढरा व काळा

नवरीनें पांढरें वस्त्र घालावें अशी आज्ञा पवित्र शास्त्रांत कोठेंही नाहीं. युरोपांतही ही चाल फार जुनी नव्हे. पूर्वीं तेथील नवऱ्या आपापल्या ऐपतीप्रमाणें तांबडीं, निळीं, तपकिरी अशीं वस्त्रें घालीत. गरिबाच्या घरीं जें त्यांतल्या त्यांत बरें वस्त्र असेल तेंच लग्नास चाले. सन १८४० च्या फेब्रुवारींत इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया हिनें आपल्या लग्नांत पांढरा पोषाख केला, व त्यानंतर ती रीत श्रीमंतांपासून इतरांपर्यंत हळूहळू पसरली. तिच्या पूर्वीं सन १५५८ मध्यें स्कॉटलंडची राणी मेरी हिनें फ्रान्सच्या युवराजाशीं लग्न करतांना पांढरें वस्त्र घातलें होतें; परंतु त्या काळीं फ्रान्सच्या राण्यांत पांढरा हा सुतकाचा रंग होता! चीन देशांतही जुन्या रीतीप्रमाणें सुतकांत पांढरें वापरतात आणि नवरीस तांबडें नेसवितात. आमच्या आजीबाईंचें म्हणणें चिनी आजीबाईंस तत्काळ पटलें असतें.

काळ्याची गोष्ट अशीच आहे. व्हिक्टोरिया राणीचा पति सन १८६१ त वारला, आणि सन १९०१ त मरण येईपर्यंत तिनें सुतकाचा काळा पोषाख सोडला नाहीं. आमच्याकडे काळा रंग अशुभ म्हणतात. तथापि तेच लोक मंगळसूत्रांत काळे मणि ओवतात व संक्रांतीस काळी चंद्रकळा हौसेनें नेसतात. त्या दिवसांत थंडी असते व काळें वस्त्र ऊब धरतें, असें त्याचें एक कारण सांगतात.

जांभळा

कांहीं रंगांस मान मिळाला तो त्यांच्या किंमतीमुळें. भूमध्य समुद्राच्या कांठीं सोर व सीदोन ह्या नगरांत समुद्रांतील एका जातीच्या गोगलगायींपासून जांभळा रंग काढीत. एका गोगलगायींत रंगाचा अंश फारच थोडा. सन १९०९ त फ्रीडलेंडर नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें १२,००० गोगलगायी घेतल्या, तेव्हां त्यांस अवघा १.४ ग्रॅम रंग मिळाला. साहजिकच असलें वस्त्र राजांस व धनवानांसच परवडे; आणि पुढें रोमी बादशहांनीं त्यांतील उत्तम प्रकार आपल्यापुरताच राखून ठेविला.

हें ध्यानांत ठेविलें म्हणजे शास्त्रांतील कांहीं स्थळें उघड होतात. श्रीमंत मनुष्य व लाजर ह्यांच्या गोष्टींत श्रीमंताच्या अंगावर जांभळें वस्त्र आहे. तेवढ्यानेंच ऐकणारांस त्याची संपत्ति कळली. फिलिप्पै येथें पौलाचें भाषण ऐकणारी लुदिया जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करी. म्हणजे ती भारी किंमतीच्या मालाची व्यापारीण होती. शिपायांनीं आपल्या प्रभूस जांभळें वस्त्र घातलें तें राजाच्या रंगानें त्याची थट्टा करण्यासाठीं. ज्या रंगानें बादशहाचा मान होई त्याच रंगानें येथें अपमान केला गेला.

सन १८५६ त विल्यम पर्किन ह्या १८ वर्षांच्या इंग्रज विद्यार्थ्यानें दगडी कोळशाच्या डांबरापासून निघणाऱ्या पदार्थांतून जांभळा रंग तयार केला. पुढें अशा रंगांचे कारखाने निघाले आणि जांभळें कापड स्वस्त झालें. आज आठवड्याच्या बाजारांत तें कोणीही घेतो, आणि त्यास कोणी राजा म्हणत नाहीं.

निळा व पिवळा

परंतु रंगाची कथा केवळ शोभेची नाहीं. बंगाल व बिहार प्रांतांत मळेवाले रयतेस भाताच्या जमिनींत नीळ पेरावयास लावीत. सन १८५९ त बंगालच्या रयतेनें नीळ पेरण्याचें नाकारिलें. पुढल्या वर्षीं दीनबंधु मित्र ह्यांनीं हीं दुःखें ‘नीलदर्पण’ ह्या नाटकांत मांडिलीं. त्याचें इंग्रजी भाषांतर छापविल्याबद्दल मिशनरी जेम्स लाँग ह्यांस सन १८६१ त एक महिना कैद व १,००० रुपये दंड झाला. आणि तो दंड कालीप्रसन्न सिंह ह्या हिंदु गृहस्थांनीं भरला. चंपारण्यांत तर वीस कठ्ठ्यांमागें तीन कठ्ठे जमीन निळीस देण्याची सक्ति होती. ती गांधीजींच्या सन १९१७ च्या चळवळीनंतर उठली. त्या रयतेस निळा रंग कसा दिसत असेल?

पिवळा रंग आम्हांस हळदीचा, म्हणून मंगल. चीनांत विशिष्ट पिवळा रंग बादशहाच्या घराण्याचा होता. तेथील बादशाही सन १९१२ त संपली. युरोपांत मात्र सन १२१५ त रोम येथील लॅटरन धर्मसभेनें असा नियम केला कीं यहूदी लोक त्यांच्या पोषाखावरून निराळे ओळखूं यावे. मग कित्येक देशांत त्यांस पिवळें चिन्ह लावावें लागे. सन १९४१ त हिटलरच्या राज्यांत जर्मनींतील यहूद्यांस छातीवर पिवळा तारा शिवावा लागला, आणि त्या राज्यानें युरोपांतील लाखों यहूद्यांस ठार मारिलें. पहिला नियम ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांनीं केला होता, हें आपण लाजेनें आठविलें पाहिजे.

आतां आपल्या लग्नमंडपाकडे येऊं

ह्यावरून दोन गोष्टी दिसून येतात. पहिली ही कीं रंगाच्या ठायीं स्वतःचें शुभ वा अशुभ कांहीं नसतें. माणसें आपल्या चालीप्रमाणें, ऋतूप्रमाणें, किंमतीप्रमाणें त्यास अर्थ देतात. दुसरी ही कीं दिलेला अर्थ माणसांच्या मनांत मात्र खरा असतो. ज्या आजीनें पांढऱ्या लुगड्यांत वैधव्याचीं वर्षें काढिलीं, तिच्या भीतीस वेडगळपणा म्हणून हंसणें बरें नव्हे. नवरीस पांढरें आवडत असेल तर तिनें तें खुशाल नेसावें. परंतु आजीजवळ बसून त्याचा आपला अर्थ तिला प्रेमानें सांगावा. नवरीनें हिरवें नेसलें व हिरवा चुडा भरला, तर उपदेशकानें तिला विश्वासांत कच्ची म्हणूं नये. एकाच्या देशाची चाल दुसऱ्यावर धर्म म्हणून लादणें हें मात्र आपण कटाक्षानें टाळावें. कारण रंग लादले गेले म्हणजे काय होतें तें आपण वर पाहिलेंच आहे.

मंडळींत चर्चेसाठीं प्रश्न

१. आपल्या गांवांत कोणते रंग शुभ व कोणते अशुभ मानितात? वडील माणसें त्याचें कारण काय सांगतात?

२. लुदियेच्या व्यापारावरून तिच्या स्थितीविषयीं काय कळतें?

३. आपल्या मंडळींत धर्म म्हणून पाळिली जाणारी, पण वस्तुतः केवळ चाल असलेली, एखादी गोष्ट सांगा. ती कोणास जड जाते?