आपला शत्रू माणूस नव्हे

सैतान आहे यावर माझा विश्वास आहे. पवित्र शास्त्र तसं सांगतं आणि चांगल्या घरात वाईट कसं शिरतं, हे मी आमच्या घोटीत डोळ्यांनी पाहिलं आहे. ज्यांच्या घरी आजारपण आलंय आणि ‘हे काहीतरी बाहेरचं आहे’ अशी कुजबुज सुरू झाली आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते.

ऐन भाताच्या आवणीत माझ्या पुतणीला आकडी येऊ लागली. पोर बांधावर कोसळायची, दातखीळ बसायची. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. शेजारच्या बायका म्हणाल्या, भगताला दाखवा. आम्ही ख्रिस्ती, दादाने साफ नकार दिला. पण पुढे कुणीतरी बाहेरगावच्या एका प्रार्थना करणाऱ्या भाऊंना घरी आणलं. त्यांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, मोठमोठ्याने प्रार्थना केली आणि म्हणाले, “घरातल्याच बाईने केलंय. तिला नवरा नाही.” घरात विधवा एकच, आमची थोरली काकू. गोळ्या घेणं म्हणजे देवावर अविश्वास, असंही ते सांगून गेले.

गोळ्या बंद झाल्या. काकूच्या हातचं पाणी कुणी घेईना. वहिनी पोरीला तिच्यासमोर जाऊ देईना. भगताला आम्ही दारात येऊ दिलं नव्हतं, पण त्याचीच शिकवण येशूचं नाव घेऊन घरात आली होती.

आमच्या पाळकांना कळलं तसे ते आले. त्यांनी योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय काढला. जन्मांध माणूस दिसताच शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? प्रभू दोघांनाही दोष देत नाही आणि त्या माणसाला दृष्टी देतो. मग इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय वाचला. आपली लढाई हाडामांसाच्या माणसांशी नाही, असं पौल तिथे बजावतो. पाळकांनी काकूला पोरीशेजारी बसवून दोघींसाठी प्रार्थना केली आणि पोरीला नाशिकला मेंदूच्या डॉक्टरांकडे न्यायला लावलं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. आज ती शाळेत जाते.

असा संशय कुठवर जातो, हे आमच्या भागाने पाहिलं आहे. 2014 साली घोटी पोलिस ठाण्याच्या हद्दीत, टाकेहर्ष परिसरात, एका मांत्रिक बाईच्या नादी लागून दोन म्हाताऱ्या बायकांना चेटकीण ठरवून मारण्यात आलं. 2017 मध्ये नाशिकच्या न्यायालयाने 11 जणांना जन्मठेप दिली. कुणाच्या आजाराशी, कर्जाशी, नापिकीशी त्या बायकांचा काय संबंध होता? काहीच नाही. खरं दुष्टपण त्यांच्याकडे बोट दाखवणाऱ्यांच्या मनात शिरलं होतं.

म्हणून कळकळीने सांगते. प्रार्थनेत कुणी ‘अमक्याने केलं’ म्हणालं, तर ती प्रार्थना तिथेच थांबवा. आत्म्यांची परीक्षा करा, असं योहानाचं पहिलं पत्र सांगतं. ती परीक्षा आपल्या मंडळीतल्या आत्म्यांचीही करायची आहे.

औषध थांबवायला सांगणाऱ्याचं ऐकू नका. लूक स्वतः वैद्य होता. आकडीच्या गोळ्या एकाएकी सोडल्या तर जिवावर बेतू शकतं. खाचरात साप चावला तर आधी दवाखाना गाठा, प्रार्थना गाडीतही करता येते.

‘पाळकांना सांगू नका, मंडळीला कळू देऊ नका’ असं जो म्हणतो, त्याच्यापासून सावध राहा. पैसे मागितले तर उठून या. बायबल उशाखाली ठेवून भागत नाही. ते ताईत नव्हे. ते रोज उघडा, सकाळ-संध्याकाळ घरच्यांनी मिळून वाचा. गेथशेमाने बागेत प्रभूने शिष्यांना जागं राहून प्रार्थना करायला सांगितलं ते मोहात पडू नये म्हणून. हा पहारा आधी स्वतःच्या मनावर ठेवायचा असतो.

आणि कुणावर करणीचा आळ येत असेल, कुणाला मारझोड होत असेल, तर गप्प बसू नका. जादूटोणाविरोधी कायदा 2013 पासून लागू आहे. त्यात 6 महिने ते 7 वर्षांपर्यंत कैद आहे आणि तक्रारीसाठी पोलिसांत दक्षता अधिकारी नेमलेले असतात. विधवेची आणि अनाथाची बाजू घेणं हीसुद्धा देवाची आज्ञाच आहे.

प्रार्थना करून उठलात की एक गोष्ट जरूर पाहा. ज्याच्यावर तुमचा राग होता, त्याच्याविषयी मनात दया आली का? आली असेल तर तिथे प्रभू होता. संशय वाढला असेल, तर पुन्हा गुडघे टेका आणि या वेळी आधी त्याच माणसासाठी मागा.