खोलीवरचे एकटेपण आणि ‘कोसला’

स्वेच्छेने घेतलेला एकांत सुखाचा असू शकतो. माणसाला हवी असलेली जवळीक आणि प्रत्यक्ष मिळणारी जवळीक यांतली तफावत सलू लागते, तेव्हा त्या अवस्थेला मानसशास्त्रात एकाकीपणा म्हणतात. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी १९७३ साली त्याचे दोन प्रकार सांगितले: जिवाभावाचे एकही माणूस नसणे हा भावनिक एकाकीपणा, तर ज्यात आपली गणना होते असा गोतावळाच नसणे हा सामाजिक एकाकीपणा. खोलीत चौघे आणि मेसवर चाळीस जण असूनही एखादा मुलगा एकटा कसा पडतो, हे या भेदामुळे उलगडते.

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ (१९६३) या कादंबरीतला पांडुरंग सांगवीकर हा खानदेशातल्या खेड्यातून पुण्याच्या कॉलेजात आलेला मुलगा मित्रांच्या घोळक्यात वावरतो, सर्वांची टर उडवतो आणि तरीही आतून तुटत जातो. वडिलांशी न जमणे, पैशांची ओढाताण, परीक्षेतले अपयश आणि देवीच्या रोगाने झालेला धाकट्या बहिणीचा मृत्यू, हे सारे त्याच्या बाबतीत एकमेकांत इतके गुंतलेले आहे की मनाचे दुखणे कोणते आणि परिस्थितीचे कोणते, हे वेगळे काढता येत नाही. नेमकी हीच गोष्ट दवाखान्यात अनेकदा नजरेआड होते.

सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा तरुण पित्त, डोकेदुखी किंवा झोप न येण्याची तक्रार घेऊन येतो, आणि त्याला गोळ्या मिळतात. सकाळचा एकच डबा तो रात्रीपर्यंत पुरवतो आहे, हे कोणी विचारल्याखेरीज कळत नाही. अशा रुग्णाकडे भाडे, डबा आणि घरच्या कर्जाची चौकशी करणे हा तपासणीचाच भाग मानला पाहिजे.

उदास कादंबरी वाचल्याने मुले बिघडतात, ही पालकांची भीती बहुधा अनाठायी असते, कारण स्वतःच्या अवस्थेला शब्द मिळणे हाही एक दिलासाच असतो (पांडुरंगाची नक्कल करत हिंडणाऱ्यांची गोष्ट निराळी, आणि ती बहुतेकदा वयाबरोबर ओसरते). मात्र उदासी किंवा कशातच रस न वाटणे दोन आठवडे जवळजवळ रोज टिकले, त्यासोबत झोप, भूक व एकाग्रता ढासळली, तर ते नैराश्य, म्हणजे उपचाराने सुधारणारा आजार, असू शकते आणि डॉक्टरांना दाखवणे आवश्यक ठरते. जीव देण्याचे विचार येतात का, हे सरळ विचारावे. विचारल्याने ते मनात रुजत नाहीत. येत असल्यास त्या व्यक्तीला एकटे न सोडता तातडीने वैद्यकीय मदत मिळवावी. ‘टेलि-मानस’ ही केंद्र सरकारची मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते आणि तिथे मराठीत बोलता येते.

पांडुरंग अखेरीस पदवीविना गावी परततो. असा मुलगा घरी आला, तर पहिले काही दिवस ताटावर निकालाचा विषय निघू नये, आणि पाहुण्यांच्या चौकशांना उत्तर देण्याचे काम वडीलधाऱ्यांनीच अंगावर घ्यावे.