गोरेपणाची डबी आणि स्थळाचा पहिला प्रश्न



आपल्या बुलढाण्याला लागून असलेल्या अकोल्यातील एक बातमी 2023 च्या आरंभी वृत्तपत्रांत आली होती. एकाच घरातील आई व दोन मुली अशा तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला, तेव्हा दोष निघाला त्या तिघी लावत असलेल्या गोरेपणाच्या क्रीमचा. ते एका स्थानिक ब्युटीशियनकडून घेतलेले होते आणि त्यात पारा होता.

पारा त्वचेतील रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा काही काळ उजळ दिसतो. मात्र तोच पारा त्वचेतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात साठतो. 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार अशा क्रीममध्ये नकळत मिसळलेला पाराही दहा लाखांत एका भागाहून अधिक चालत नाही.

मग अशी डबी घरात येते कशी? तिच्यासाठी मन आधीच तयार झालेले असते. ‘फेअर अँड लव्हली’ 1975 मध्ये बाजारात आले. (अकोल्याच्या घटनेशी त्याचा संबंध नाही.) सावळी मुलगी खिन्न, तीच गोरी झाली की नोकरी मिळाली, लग्न ठरले, ही कथा जाहिरातींनी वर्षानुवर्षे सांगितली. 2014 मध्ये जाहिरात मानक परिषदेने सावळ्या वर्णाला कमी लेखणाऱ्या जाहिरातींना मनाई केली. 2020 मध्ये त्या नावातील ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आले. क्रीम विकले जातच आहे.

तरीही सगळा दोष जाहिरातीच्या माथी मारणे मला मान्य नाही. ती आपल्याच बैठकीतील प्रश्न उचलते. विवाहासाठी संपत्ती, कुळ, सौंदर्य व दीन पाहिले जाते, तुम्ही दीनदार स्त्रीची निवड करा, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शिकविले (बुखारी, मुस्लिम). आपल्याकडे स्थळाचा पहिला प्रश्न असतो, “मुलगी रंगाने कशी आहे?” आणि तो बहुधा स्त्रियाच विचारतात. सूरह अल्-हुजुरातच्या अकराव्या आयतीत थट्टेची मनाई आधी सर्वांना केली आहे, नंतर स्त्रियांचा वेगळा उल्लेख करून पुन्हा केली आहे. जिची थट्टा होते ती अधिक चांगली असू शकते, हे कारणही तेथेच दिले आहे. सूरह अर्-रूमच्या बाविसाव्या आयतीनुसार वर्णांची भिन्नता ही अल्लाहची निशाणी आहे. त्या निशाणीलाच आपण उणीव म्हणतो.

मस्जिदे नबवी झाडणारी एक कृष्णवर्णी स्त्री वारली. सहाबांना ही गोष्ट लहान वाटली व त्यांनी प्रेषितांना (स.) कळविले नाही. त्यांनी स्वतः चौकशी केली, तिची कबर दाखवावयास सांगितली आणि तेथे जाऊन नमाज अदा केली.

नटण्यास इस्लामची मनाई नाही. मेंदी, सुरमा जरूर लावावा. परंतु ज्या डबीवर उत्पादकाचा पत्ता व परवाना क्रमांक नाही, ती घरात आणू नये. असे क्रीम लावणाऱ्या मुलीच्या पायांवर वा चेहऱ्यावर सूज आली, लघवीला फेस येऊ लागला, तर ते क्रीम तत्काळ बंद करून तिला सरकारी रुग्णालयात न्यावे आणि डबीही सोबत घ्यावी.